सुधाकर आणि सागत : 'एकच प्याला'च्या एका वाचनाच्या निमित्ताने

कुर्डुवाडी हे जंक्शनचे गाव. मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील या स्थानकातून १८९७ साली बार्शीकडे अरुंद मार्गाची गाडी धावू लागली. पुढे त्या मार्गाचे एक टोक लातूरला व दुसरे पंढरपूरवरून मिरजेला पोहोचले. रेल्वे आणि रेल्वेचा कारखाना यांच्या आधाराने येथे ज्या वस्त्या वाढल्या, त्यांपैकी एका वस्तीच्या विहारात गेल्या वर्षावासात राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचे वाचन झाले. नाटकाचे अंक पाच, म्हणून रविवारही पाच. विहारात नाटक वाचावे काय, असा प्रश्न प्रारंभी काहींनी उपस्थित केला. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन हा आपल्याकडील रूढ क्रम आहे आणि तो मोडण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. परंतु पाचव्या शीलावर प्रवचने पुष्कळ होतात, ऐकणारे माना डोलावतात आणि त्यांतील काही जण त्याच संध्याकाळी गुत्त्याची वाट धरतात, हा अनुभव सर्वांच्याच गाठीशी होता. मराठी रंगभूमीने या विषयावर निर्माण केलेली सर्वांत भेदक कृती समोर ठेवून बोलावे, अशी सूचना मी केली व ती मान्य झाली.

वाचन पार पडले. परंतु माझ्या अपेक्षेप्रमाणे काहीच घडले नाही. नाटक ऐकून सर्वांच्या मनात मद्याविषयी एकसारखी घृणा उत्पन्न होईल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एक मुलगी रडली, एक तरुण हसला, एका वृद्ध उपासिकेला नाटकाचे दुःखच कळेना, एक बाई संतापल्या आणि एक गृहस्थ उठून निघून गेले. या प्रतिक्रियांना अडाणी श्रोत्यांचा गैरसमज मानून बाजूला सारणे सोपे होते. तथापि जसजसा विचार केला तसतसे मला वाटू लागले की, शंभराहून अधिक वर्षे मराठी टीकाकारांनी ज्या नाटकाची थोरवी सांगितली, त्याच्याविषयी काही मूलभूत प्रश्न या पाच जणांनी विचारले आहेत. प्रस्तुत लेख त्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी आहे. श्रोत्यांची नावे देण्याचे प्रयोजन नाही.

नाटक

गडकऱ्यांचा जन्म १८८५ सालचा. २३ जानेवारी १९१९ रोजी विदर्भातील सावनेर येथे वयाच्या ३३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे २० फेब्रुवारी १९१९ रोजी केला. म्हणजे आपली ही कृती रंगमंचावर पाहणे नाटककाराच्या वाट्याला आले नाही. नाटकातील पदेही वि. सी. गुर्जर यांनी रचली. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व आणि सुधाकराच्या भूमिकेत गणपतराव बोडस होते.

कथानक सर्वपरिचित असले तरी विवेचनाच्या सोयीसाठी थोडक्यात सांगतो. सुधाकर हा बुद्धिमान, मानी व तापट वकील. न्यायालयात झालेला अपमान सहन न होऊन तो उलट बोलतो आणि काही काळापुरती त्याची सनद जाते. त्या मनःस्थितीत त्याचा कारकून तळीराम दुःखावरचा उतारा म्हणून पहिला प्याला पुढे करतो. सनद परत मिळण्याची वेळ येते तेव्हा सुधाकर मद्याच्या अंमलाखाली असतो आणि ती कायमची जाते. पत्नी सिंधू श्रीमंत माहेरचे साहाय्य नाकारून लोकांची दळणे दळते. सुधाकर एकदा शपथ घेऊन मद्य सोडतो, काम शोधू लागतो. परंतु प्रतिष्ठितांची दारे त्याला बंद होतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. नशेत त्याच्या हातून तान्ह्या मुलाचा जीव जातो व सिंधू घायाळ होते. मरता मरता सिंधू पोलिसांपुढे खोटे सांगून पतीला वाचवते आणि सुधाकर मद्यात विष घेऊन मरतो. पडदा पडतो तेव्हा रंगमंचावर एक संपूर्ण कुटुंब मृतावस्थेत असते. इतका निर्दय शेवट मराठी संगीत रंगभूमीने त्यापूर्वी क्वचितच पाहिला असेल.

श्रोते

सिंधूचे संवाद महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने वाचले. चौथ्या रविवारी तिचा कंठ इतका दाटून आला की वाचन थांबवावे लागले. तिच्या घरी कोणी मद्य घेत नाही. तिचे रडणे शुद्ध करुणेचे होते. बडोद्याच्या पहिल्या प्रयोगापासून असंख्य प्रेक्षकांनी जे अश्रू ढाळले, त्यांचाच हा पुढचा ओघ म्हणता येईल.

विधिमहाविद्यालयात शिकणारा एक तरुण मात्र तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशात मनमुराद हसला, आणि वाचन संपल्यावर त्याने स्वतःच त्या हसण्याविषयी शंका काढली. त्याचे म्हणणे असे की, नाटकातील सर्वांत रसरशीत भाग मद्यप्यांचा आहे. रामलालचा उपदेश कोणाला आठवत नाही, परंतु तळीरामाचे विनोद पिणारेही पाठ म्हणून दाखवतात. मग हे नाटक मद्याच्या विरोधात आहे, असे कसे म्हणावे?

तिसरी प्रतिक्रिया सत्तरी ओलांडलेल्या एका आजींची. सिंधू दळण दळते तो भाग आला तेव्हा सभागृहात शांतता पसरली होती. आजींनी शेजारणीला मोठ्याने विचारले, "दळती तर हाय. मग रडायचं काय त्यात?" काही जण हसले. आजी गंभीर होत्या. त्या पुढे म्हणाल्या, "माझी आय जलमभर लोकांचं दळण दळत हुती. दळण मिळालं की आमच्या घरात आनंद व्हायचा. तिच्यावर कुणी नाटक न्हाई लिवलं."

चौथ्या एक अंगणवाडी सेविका. त्यांचे पती मद्यपानामुळे चाळिशीच्या आत गेले. त्या सर्व रविवार एकही शब्द न बोलता बसल्या होत्या. शेवटच्या रविवारी, सिंधूच्या मृत्यूनंतर, मी समारोपाचे जे बोललो त्यावर त्यांनी हरकत घेतली. ती हरकत पुढे स्वतंत्रपणे नमूद करतो, कारण ती नाटकापेक्षा माझ्याविषयी अधिक होती.

पाचवे श्रोते रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर. नाटकाच्या उत्तरार्धात सुधाकर मद्यासक्तीच्या तीन अवस्था वर्णन करतो आणि कोणत्याही अवस्थेतून माणसाला परत फिरणे शक्य नाही, हे रामलालला पटवून देतो. मराठी गद्यातील वक्तृत्वाचा तो एक अजोड नमुना आहे. मी तो मनापासून वाचला. वाचन चालू असतानाच हे गृहस्थ उठले, बसकर घडी करून ठेवले आणि बाहेर गेले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, इकडचे तिकडचे बोलले, आणि मी निघताना म्हणाले, "सर, त्या पुस्तकात मी मेलेला हाय. अकरा वर्सं झाली, थेंब न्हाई घेतला. मग मी कोण?"

माझी चूक

अंगणवाडीताईंची हरकत काय होती ते आता सांगतो. समारोपात मी सिंधूची तुलना क्षांती पारमीशी केली होती. दहा पारमितांमध्ये क्षांती आहे; अपकार करणाऱ्याविषयीही मनात द्वेष येऊ न देणे हे तिचे लक्षण आहे; सिंधूने ती मृत्यूच्या क्षणापर्यंत पाळली, असे मी म्हणालो. वाक्य सुरेख होते आणि ते मी पूर्वीही दोन-तीन ठिकाणी व्याख्यानांत वापरले होते. ताई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, मार खाऊन गप्प बसावं असं भगवंतांनी कुठं सांगितलं ते मला पुस्तकात दाखवा. मी वीस वर्षं हेच ऐकत आले. सासूकडून ऐकलं, शेजारणींकडून ऐकलं. विहारात तरी हे ऐकायला लागू नये."

मी त्या दिवशी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन ग्रंथ काढले. आणि जे मी सांगत होतो ते मला तेथे सापडले नाही, हे या ठिकाणी स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. क्षांतीची महती पाली वाङ्मयात निःसंशय आहे; ओवाद-पातिमोक्खात तिला श्रेष्ठ तप म्हटले आहे. परंतु तो उपदेश भिक्खूंना उद्देशून आहे आणि तेथे विषय स्वतःच्या क्रोधाच्या संयमाचा आहे. दुसऱ्याची हिंसा चालू राहावी म्हणून तिला आसरा देणे, हा त्याचा अर्थ नाही. गृहस्थांना उद्देशून भगवंतांनी जे सांगितले ते दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आहे. तेथे मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धनहानी, कलहवृद्धी, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेची क्षीणता. सुधाकराचा अधःपात या सहा शब्दांत पूर्णपणे सामावतो. त्याच सुत्तात पती-पत्नींची परस्पर कर्तव्ये आहेत आणि त्यांत पतीची पाच कर्तव्ये आधी आली आहेत : सम्मानना, अनवमानना, अनतिचरिया, इस्सरियवोस्सग्ग व अलंकारदान. पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या स्वाधीन करणे आणि तिला अलंकार देणे, असा त्यांचा अर्थ. पत्नीची कर्तव्ये त्यानंतर येतात. म्हणजे हे नाते देवाणघेवाणीचे आहे. एका बाजूने ते मोडल्यानंतरही दुसरी बाजू मरेपर्यंत बांधलेली राहते, असे सुत्तात कोठेही नाही. सिंधूचा आदर्श पातिव्रत्याच्या परंपरेतून आला आहे. मी त्याला पालीचे वस्त्र नेसवले होते, एवढेच.

इसिदासी

सिंधूच्या शेजारी बसवण्यासारखी स्त्री पाली वाङ्मयात आहे. तिचे नाव इसिदासी. थेरीगाथेतील तिच्या गाथा दीर्घ आहेत. उज्जयिनीच्या श्रेष्ठीची ही कन्या साकेतच्या एका धनिकाच्या घरी दिली गेली. सासू-सासऱ्यांना वंदन, पहाटे उठणे, स्वयंपाक, भांडी, पतीची दासीप्रमाणे शुश्रूषा, यांपैकी कशातही तिने कसूर केली नाही. तरीही पतीला ती नकोशी झाली आणि तिला माहेरी धाडण्यात आले. दुसरा विवाह झाला, तेथेही तेच. तिसऱ्या वेळी पित्याने एका भिक्षेकऱ्याला जावई करून घेतले. पंधरवड्याने तोही निघून गेला. जिनदत्ता नावाच्या भिक्खुणीची भेट झाल्यावर इसिदासीने प्रव्रज्या घेतली आणि ती मुक्त झाली.

या गाथांत दुःखाचे कारण म्हणून पूर्वजन्मीचे कर्म सांगितले आहे. आजच्या वाचकाला ते पटेलच असे नाही. पूर्वकर्माच्या या कल्पनेची बाबासाहेबांनीही कठोर चिकित्सा केली आहे. परंतु रचनेकडे लक्ष द्यावे. इसिदासीने केलेली सेवा सिंधूच्या सेवेपेक्षा कमी नाही. पण थेरीगाथा त्या सेवेला मुक्तीचे साधन ठरवत नाही. सेवा निष्फळ गेली, एवढेच तेथे नोंदवले जाते. मुक्ती घराबाहेर पडल्यावर येते, आणि आपली कथा इसिदासी स्वतःच्या तोंडाने, स्वस्थपणे, एका दुसऱ्या भिक्खुणीला सांगते. सिंधूची शेवटची वाणी मात्र एक असत्य आहे. तो मुसावाद होय काय, असे विधिमहाविद्यालयातील तरुणाने विचारले. मरणाऱ्या स्त्रीच्या माथी शीलभंग मारण्यात मला स्वारस्य नाही. प्रश्न असा विचारावा की, त्या असत्याने कोणाचे रक्षण झाले? सुधाकर कायद्यापासून वाचला, स्वतःपासून वाचला नाही. मूल तर आधीच गेले होते. ताईंनी यावर जे म्हटले ते अधिक नेमके होते : "ती खरं बोलली असती तरी ऐकणारं कोण होतं?"

१९४२ च्या जुलै महिन्यात नागपूर येथे भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, विवाहित मुलीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा. 'एकच प्याला' रंगभूमीवर येऊन तेव्हा २३ वर्षे झाली होती. त्या परिषदेतील स्त्रियांपैकी कितीतरी जणींच्या घरी एकेक सुधाकर असला पाहिजे. त्यांना सिंधू व्हावयास कोणी सांगितले नाही, हे आपल्या चळवळीचे मोठेपण आहे, आणि ते मी विसरलो होतो.

सागत

आता निघून गेलेल्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. माझ्या मते या वाचनातील सर्वांत गंभीर प्रश्न तोच आहे.

पाचव्या शीलातील मूळ सामासिक शब्द 'सुरामेरयमज्जपमादट्ठान' असा आहे. सुरा, मेरय ही मद्ये. आणि त्यांना 'पमादट्ठान' म्हणजे प्रमादाचे स्थान म्हटले आहे. भर पमादावर, म्हणजे जागृती हरपण्यावर आहे. अट्ठकथाकारांनी सुरा व मेरय यांचे प्रत्येकी पाच प्रकार मोजले आहेत. पिठाची, भाताची सुरा त्यांत आहे, फुलांचे व फळांचे आसव आहे, आणि गुळासवही आहे. ऊस पिकवणाऱ्या आपल्या सोलापूर जिल्ह्यातील श्रोत्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

भिक्खूंना सुरापान निषिद्ध करणारा नियम विनयपिटकात आहे आणि त्यामागील कथा सागत थेरांची आहे. सागत हे ऋद्धिमान भिक्खू. अंबतित्थ येथील एका भयंकर नागाला त्यांनी आपल्या तेजाने निष्प्रभ केले. त्यांची कीर्ती ऐकून कोसंबीच्या उपासकांनी त्यांच्यासाठी घरोघरी मद्य तयार ठेवले. भिक्षेला निघालेल्या सागतांनी ते घेतले आणि नगराच्या वेशीशी ते कोसळले. भिक्खूंनी त्यांना उचलून आणले, भगवंतांकडे डोके करून निजवले; शुद्धीत नसलेल्या सागतांनी वळून पाय भगवंतांकडे केले. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना विचारले की, ज्याने नागाशी झुंज दिली तो सागत आता पाण्यातल्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? त्यानंतर नियम घालून देण्यात आला.

सुधाकर आणि सागत यांच्यातील साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. दोघेही सामर्थ्यवान, दोघांच्याही हाती पहिला प्याला दुसऱ्याने दिला, दोघेही भर रस्त्यात प्रतिष्ठा गमावून बसले. परंतु येथून पुढे दोन्ही कथा वेगळ्या वाटेने जातात. अट्ठकथा सांगते की, शुद्धीवर आल्यावर सागतांना आपल्या वर्तनाचा संवेग झाला आणि त्यांनी अर्हत्पद प्राप्त केले. अंगुत्तरनिकायात ज्या श्रावकांना एकेका गुणात अग्र म्हटले आहे, त्या यादीत तेजोधातुकुशलांमध्ये अग्र म्हणून नाव आहे ते याच सागतांचे. वेशीवर पडलेल्या माणसाचे नाव संघाने लपवले नाही, आणि पुसूनही टाकले नाही.

मद्यासक्तीतून परतणे अशक्य आहे, हे सुधाकराचे म्हणणे धम्माच्या दृष्टीने मिथ्या दिट्ठी ठरते. आज वैद्यकशास्त्र मद्यासक्तीला उपचारक्षम आजार मानते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही मद्यमुक्तांची परस्परसाहाय्याची चळवळ, १९८६ साली पुण्यात स्थापन झालेले मुक्तांगण, यांच्या अनुभवातून हजारो माणसे परतली आहेत. पुन्हा घसरण झाली तरी तो शेवट नसतो, हेही आता ज्ञात आहे. १९१९ मध्ये हे ज्ञान नव्हते, म्हणून गडकऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

तथापि नाटकातच सुधाकराचे म्हणणे खोडणारा पुरावा आहे, आणि तो आपण वाचकांनी पुरेसा पाहिलेला नाही. तो म्हणजे भगीरथ. प्रेमभंगामुळे मद्याच्या आहारी गेलेला हा तरुण रामलालच्या सहवासात मद्य सोडतो, समाजसेवेला लागतो आणि नाटकाच्या अखेरीस जिवंत व शुद्धीवर असतो. ज्या नाटकात परतणे अशक्य असल्याचे इतक्या प्रभावी भाषेत सांगितले जाते, त्याच नाटकात एक माणूस परतून आलेला आहे! मग सुधाकर का परतला नाही? नाटकातील घटनाच उत्तर देतात. भगीरथाला रामलालने हाती काम दिले आणि माणूस म्हणून जवळ बसवले. सुधाकराने शपथ घेऊन काम मागितले तेव्हा त्याला दारातून परत पाठवण्यात आले. तीन अवस्थांचे ते भाषण तत्त्वज्ञान म्हणून ऐकावयाचे नसते. नाकारल्या गेलेल्या माणसाच्या निराशेचा तो उद्गार आहे. मी ते तत्त्वज्ञान म्हणून वाचले आणि अकरा वर्षे शील पाळणाऱ्या माणसाला विहारातून उठून जावे लागले.

दळण आणि दुकान

आजींच्या प्रश्नाला साहित्यशास्त्राचे उत्तर तयार आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचा नायक प्रतिष्ठित असावा व त्याच्या हातून घडलेल्या प्रमादामुळे त्याचे पतन व्हावे, म्हणजे प्रेक्षकांच्या मनात करुणा व भय जागे होते, असे प्रतिपादन केले. उंचावरून पडल्याखेरीज पडणे दिसत नाही. म्हणून वकिलाच्या पत्नीने दळण दळणे ही शोकांतिका होते, आणि आजींच्या आईने दळणे ही केवळ दिनचर्या ठरते. आजींनी या शास्त्रावर बोट ठेवले. दुःखाचे मोजमाप पूर्वीच्या उंचीवरून करावे, असे पहिले आर्यसत्य सांगत नाही. किसा गोतमीला मोहरी मागण्यासाठी घरोघर पाठवले गेले तेव्हा श्रीमंताचे घर व दरिद्र्याचे घर असा भेद त्यात नव्हता.

मात्र येथे गडकऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. सिंधू दळण दळते ते लाजेने नव्हे. श्रम तिला हीन वाटत नाहीत. हीनपणा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत आहे. आजींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बाई चांगली हुती." त्यांच्या तोंडून सिंधूला मिळालेली ही पावती मला अनेक टीकालेखांपेक्षा मोलाची वाटते.

तरुणाच्या हसण्याविषयी माझे मत असे की, त्याचे हसणे हाच त्या प्रवेशाचा अर्थ आहे. प्रमाद हा प्रथम हसत, मित्रांच्या घोळक्यात, विनोदाच्या रूपाने येतो. तो भेसूर चेहऱ्याने आला असता तर कोणी फसले नसते. तळीराम गोड नसता तर सुधाकराने त्याच्या हातून प्याला घेतला नसता. परंतु तरुणाच्या शंकेत आणखी एक धागा आहे. आर्यमदिरामंडळाला मद्य पुरवतो कोण, हे नाटक विचारत नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर मद्य हे सरकारी महसुलाचे साधन अधिक बळकट झाले होते. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी वाढत्या दारूदुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले होते. म्हणजे 'एकच प्याला'च्या जवळजवळ ४० वर्षे आधी जोतीरावांची दृष्टी प्याल्याच्या पलीकडे, दुकानाकडे व परवान्याकडे गेली होती. गडकऱ्यांची दृष्टी प्याल्यावर खिळून राहिली. त्यामुळे त्यांना एका घराचा नाश अतुलनीय सामर्थ्याने दाखवता आला. गल्लीचा नाश दाखवता आला नाही. अलीकडच्या काळात महाराष्ट्रातील कित्येक गावांत स्त्रियांनी मतदानात बाटली आडवी करून दुकाने बंद केली. त्या स्त्रियांचे नाटक अद्याप लिहिले जावयाचे आहे.

अश्रू आणि संवेग

रडलेल्या मुलीविषयी शेवटी लिहितो, कारण तिची प्रतिक्रिया सर्वांत सोपी वाटली तरी तिच्यावरच शोकांतिकेचे मूल्य अवलंबून आहे. पाली वाङ्मयात शोकाने होणाऱ्या विलापाला 'परिदेव' म्हणतात आणि तो दुःखातच मोजला जातो. दुःख पाहून मन हादरणे व त्या हादऱ्यातून योग्य प्रयत्नाकडे वळणे, याला 'संवेग' म्हणतात. वृद्ध, रोगी व मृत पाहून सिद्धार्थाला झाला तो संवेग. वेशीवर पडून उठल्यावर सागतांना झाला तोही संवेग. अश्रू दोन्हींकडे असू शकतात. ते वाहून गेल्यावर मन हलके होऊन माणूस घरी परतला तर तो परिदेव झाला. आणि 'हे का झाले, हे थांबेल काय' असा प्रश्न घेऊन परतला तर तेथे संवेगाचा आरंभ झाला.

या कसोटीवर 'एकच प्याला' कोठे उभे राहते? दुःख आहे, हे त्याने असे दाखवले आहे की त्याला तोड नाही. दुःखाचे कारण त्याने अर्धे दाखवले : प्याला दाखवला, अहंकार दाखवला; दुकान आणि पुरुषाचे निरंकुश स्वामित्व यांच्याकडे पाहिले नाही. दुःखाचा निरोध शक्य आहे, हे त्याने तोंडाने नाकारले व भगीरथाच्या रूपाने नकळत मान्य केले. मार्ग त्याच्याजवळ नव्हता. तो आपल्याजवळ आहे, असे आपण म्हणतो. १९५६ च्या दीक्षेतील बावीस प्रतिज्ञांमध्ये मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि आपण ती दरवर्षी उच्चारतो. परंतु प्रतिज्ञा मोडून वेशीवर पडलेल्या माणसाला उचलून आणण्याचे काम ज्या भिक्खूंनी केले, त्यांचे काम आपल्यापैकी किती जण करतात? सुधाकराला परत पाठवणारी दारे आपल्या वस्तीतही आहेत.

नाटक टाकून द्यावे, असे माझे म्हणणे नाही. ते पुन्हा वाचावे. मात्र एकट्या सिंधूच्या अश्रूंतून न वाचता भगीरथाच्या बाजूनेही वाचावे, आणि वाचणाऱ्याने समोर कोण बसले आहे हे पाहून वाचावे. क्षांतीविषयीचे ते वाक्य मी माझ्या टिपणांतून खोडले आहे, आणि ते का खोडले हे अंगणवाडीताईंना जाऊन सांगितले आहे. त्यांनी ऐकून घेतले व म्हणाल्या की, हे विहारात सर्वांसमोर सांगा. म्हणून येथे लिहिले.

निवृत्त फिटरांकडे मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सागत थेरांची कथा सोबत नेली होती. त्यांनी ती दोनदा सांगावयास लावली. पाय भगवंतांकडे झाले तरी भगवंत रागावले नाहीत काय, असे विचारले. कथेत तसे काही नाही, असे मी सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, भगीरथाचे बोलणे किती पानांचे आहे? पुढच्या वर्षावासात पुन्हा वाचन ठेवले तर ते वाचण्याची त्यांची तयारी आहे. चष्मा मात्र बदलावा लागेल, म्हणाले.